मुख्य अर्जदार

आमच्या वॉर्डात औषध देण्याआधी पेशंटला ‘तुम्ही अमुकच ना?’ असं विचारायला बंदी आहे. गुंगीतला, घाबरलेला, कानानं अधू माणूस कशालाही हो म्हणतो आणि शेजारच्या खाटेवरचं इंजेक्शन आनंदानं टोचून घेतो. त्याला विचारायचं, ‘तुमचं नाव काय?’ आणि गप्प राहायचं. उत्तर त्याच्या तोंडून आलं पाहिजे. उल्हासनगरच्या हॉस्पिटलात इतकी वर्षं हेच करून माझा स्वभावही तसाच झालाय. भाजीवालीला मी ‘ताजी आहे ना?’ असं विचारत नाही, ‘कधीची आहे?’ असं विचारते. नवरा म्हणतो, तुझ्याशी बोलणं म्हणजे पोलीस चौकीत जबाब देणं. मी म्हणते, चोराच्या मनात चांदणं.

परदेशी जायचा विषय घरात निघाला तो त्याच्या कंपनीमुळे. अंबरनाथच्या एमआयडीसीत तो मेंटेनन्सला आहे. कंपनीनं एकेक मशीन गुजरातला हलवायला घेतलं, आणि ज्याचं मशीन गेलं तो माणूसही मागोमाग जाणार किंवा घरी बसणार, हे सगळ्यांना कळलं. नवरा म्हणाला, घर सोडायचंच तर मग गुजरात कशाला, थेट ऑस्ट्रेलियाच का नको? त्याचा एक जुना सहकारी तिकडे होता आणि रोज निळ्या आकाशाचे फोटो पाठवायचा. त्या फोटोंचा मला पहिल्या दिवसापासून संशय होता. सुखी माणूस रोज आकाशाचे फोटो काढत नाही. पण नर्सेस तिकडे हव्या आहेत हे मलाही आमच्या हॉस्पिटलातून गेलेल्या मुलींकडून कळलं होतं, मुलगी आठवीत होती, आणि जायचंच तर हेच वय होतं. मी एकच अट घातली. जायचं तर तिघांनी एकत्र. एका विमानात, एका दिवशी.

ही अट उगाच नव्हती. माझ्याबरोबर काम करणारी एक सिस्टर पालेगावात राहते. तिथे नव्या बिल्डिंगा उठायला लागल्या तेव्हा तिनं नि तिच्या नवऱ्यानं पहिल्यापहिल्यांदाच फ्लॅट घेतला. मग नवरा म्हणाला, आधी मी जातो, बस्तान बसवतो, सहा महिन्यांत तुम्हाला नेतो. ते सहा महिने अजून चालूच आहेत. सुरुवातीला रोज व्हिडिओ कॉल यायचा, मग रविवारी, मग सणाला. भांडण नाही, सोडचिठ्ठी नाही, दुसरी बाई असल्याचा पुरावाही नाही. माणूस फक्त हळूहळू पुसट होत गेला. डबा खाताना ती हसत हसत हे सगळं सांगते आणि मी अर्ध्या डब्याला झाकण लावते.

एजंट नवऱ्यानं शोधला. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात, सोफ्याच्या दुकानावर त्याचं ऑफिस होतं. जिना चढतानाच पॉलिशचा वास नाकात जायचा. भिंतीभर हसऱ्या कुटुंबांचे फोटो, हातात पासपोर्ट, मागे झेंडा. मी चहा येईपर्यंत सगळे फोटो नीट पाहून घेतले. एक गोरं, गुबगुबीत जोडपं एका फोटोत एका देशाच्या झेंड्यासमोर होतं आणि खुर्चीमागच्या फोटोत दुसऱ्याच देशाच्या. तेच कपडे, तेच हसू. मी नवऱ्याला कोपरानं ढोसलं. तो म्हणाला, ‘फिरायला गेले असतील.’

एजंटनं आमच्यापुढे तीन रस्ते ठेवले, पाणीपुरीवाला तिखट, मिडियम, गोड विचारतो तसे. पहिला, मी तिकडच्या एखाद्या कॉलेजात विद्यार्थिनी म्हणून जायचं आणि नवरा, मुलगी माझ्या मागून. दुसरा, नवऱ्याला तिकडच्या कंपनीकडून कामाचा व्हिसा. तिसरा, मी नर्स म्हणून मुख्य अर्जदार, आणि दोघंही पहिल्या दिवसापासून माझ्या अर्जात. मी वॉर्डातली पद्धत वापरली. ‘नर्स पाठवल्या आहेत ना?’ असं नाही विचारलं. विचारलं, ‘शेवटची नर्स कुठल्या शहरात पाठवली? तिला कुठली परीक्षा द्यावी लागली?’

‘भाभी, बहुत भेजे हैं,’ तो म्हणाला आणि पंख्याकडे बघायला लागला.

मी गप्प बसले. तोही बसला. मग त्यानं पहिल्या रस्त्याचं कौतुक सुरू केलं. एका वर्षाचा डिप्लोमा, ‘वेलनेस’ असं काहीतरी. कॉलेजचं नाव मी तिथल्या तिथे मोबाइलवर शोधलं तर इमारतीच्या फोटोत खाली पिझ्झाचं दुकान होतं. बाळंतिणी, हार्टचे पेशंट, अपघाताच्या केसेस काढलेल्या बाईनं पिझ्झाच्या दुकानावर वेलनेस शिकायचं! मी म्हटलं, तिसऱ्याचं बोला.

त्यानं माझी कागदपत्रं पुढ्यात पसरली. माणूस लबाड असेल, पण येडा नव्हता. दोनच मिनिटांत त्यानं चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, ‘भाभी, ये दो लेडीज हैं क्या?’

तर, त्या दोन लेडीजबद्दल. माझं लग्न बदलापूर गावातल्या घरात झालं, म्हणजे सून म्हणून मी तिथे आले. लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरले, नवऱ्यानं अंगठीनं त्यात माझं नवं नाव लिहिलं, बायकांनी टाळ्या वाजवल्या. आडनाव बदलणार हे माहीत होतं. पहिलं नावही बदलणार हे मला ताटात वाचून कळलं. नाव सासूबाईंनी ठरवलं होतं. त्या काळात मला त्याचं विशेष काही वाटलं नाही. सगळ्यांचीच बदलतात, मैत्रिणींची बदलली, आईचं बदललं होतं. घरी नवं नाव रुळलं. आधार, पॅन, पासपोर्ट सगळं नव्या नावावर झालं. हॉस्पिटलात मात्र जुनं नावच राहिलं, कारण डिप्लोमा जुन्या नावाचा, कौन्सिलची नोंदणी जुन्या नावाची, अनुभवाची पत्रं जुन्या नावाची. दिवसा एक, घरी गेल्यावर दुसरी. खरं सांगायचं तर मला त्यात सोयच वाटायची. घरचा ताप हॉस्पिटलात यायचा नाही.

‘मॅरेज सर्टिफिकेट होगा ना? उसमें शादी के पहले का नाम रहता है,’ एजंट म्हणाला.

ते होतं. लग्नानंतर नवऱ्याच्या एका काकांनी पुढाकार घेऊन काढून आणलं होतं. फॉर्मही त्यांनीच भरला होता. ‘वधूचे विवाहापूर्वीचे नाव’ या रकान्यात त्यांनी माझं ताटातलं नवं नाव घातलं होतं, आणि त्यापुढे माझ्या वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. अशा नावाची मुलगी माझ्या वडिलांच्या घरात कधी जन्मलीच नव्हती. काकांच्या मते नाव बदललं म्हणजे मागचंही बदललं. मी तेव्हा सही करून मोकळी झाले होते.

‘तीन लेडीज,’ एजंटनं हिशेब सुधारला. ‘भाभी का रस्ता छोडो. साहेब को मेन रखो. साहेब पहले जाएगा, फिर फॅमिली को बुलाएगा.’

जिना उतरताना मी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो नाराज दिसायला हवा होता. तो नाराज दिसत नव्हता.

त्या दिवसापासून आमच्या घरात पाणी कुठेतरी मुरायला लागलं. बदलापुरातच शिरगावला आम्ही वेगळे राहतो त्या फ्लॅटला एकच गॅलरी, तीही कपड्यांनी भरलेली, पण नवरा फोन घेऊन तिथेच ओल्या चादरींमध्ये उभा राहायचा. मी गेले की म्हणायचा, ‘ठेवतो, नंतर बोलू.’ शिफ्ट संपली की सरळ घरी येणारा माणूस, आता मधल्या वारीही गावात आईकडे जायला लागला. येताना डबा आणायचा. एकदा वालाचं बिरडं, एकदा तांदळाच्या भाकऱ्या, एकदा माझ्या आवडीची सुकटीची चटणी. वाल भिजवून, मोड काढून, सोलून पाठवणं हे काही येता जाता करायचं काम नाही. सासूबाईंनी इतक्या वर्षांत मला इतकं लाडानं कधी खाऊ घातलं नव्हतं. मी बिरडं खाल्लं, चवीनं खाल्लं, आणि मनात म्हटलं, मायलेकांचं काहीतरी ठरतंय.

माझा तर्क सरळ होता. सासूबाईंना मुलगा दूर जायला नको होता. तो एकटा गेला तर निम्मा संसार इथेच राहतो, सून नि नात डोळ्यांसमोर राहतात, आणि मुलगा आज ना उद्या ओढीनं परत येतो. आम्ही तिघं एकदम गेलो की परत येणारं कुणीच नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही असाच डाव टाकला असता. म्हणून तर मला तो इतका स्पष्ट दिसत होता. मी त्यांच्याशी फोनवर नेमकं, मोजकं बोलायला लागले. त्या विचारायच्या, ‘बरा हाय ना गो सगला?’ आणि मी ‘सगला’ या शब्दात काय काय आलं याचा रात्रपाळीला विचार करत बसायचे.

शेवटी मला राहवेना. एका दुपारी ड्युटी संपल्यावर मी एकटीच फर्निचर बाजारात गेले. एजंट नव्हता. टेबलाशी एक मुलगी बसली होती, कानात इयरफोन, पुढ्यात मोमोज. मी तिला ‘आमची फाइल लावली का?’ असं विचारलं नाही. म्हटलं, ‘साहेबांच्या फाइलला अजून काय काय राहिलंय?’

‘पोलीस क्लिअरन्स बाकी है ना आंटी,’ ती खाता खाता म्हणाली. ‘बाकी सगळं झालं. कंपनीचा लेटर पण आला. तुमचा नि बेबीचा आत्ता नाही लागणार, साहेबांनी बोललंय फॅमिली बाद में.’

मी थँक्यू म्हटलं. जिना उतरले, सोफ्याच्या दुकानात नमुन्याला ठेवलेल्या एका दिवाणावर बसले. दुकानदारानं विचारलं, कौनसा दिखाऊं? मी म्हटलं, थोडा बैठने दो. संशय खरा ठरल्यावर बरं वाटेल असं मला आजवर वाटायचं. अजिबात वाटलं नाही. सारखी ती पालेगावची सिस्टर डोळ्यांसमोर येत होती, डबा उघडून हसणारी.

रविवारी आम्ही गावात गेलो. मुलगी शेजारी चुलत बहिणींकडे पळाली. सासूबाई ओट्यावर बोंबील निवडत बसल्या होत्या, नवरा झोपाळ्यावर. मी उभीच राहिले. दोघांचा समाचार एकदमच घ्यायचा असं मी ठरवून आले होते.

‘अहो,’ मी म्हटलं, ‘आपल्या फाइलवर कुणाकुणाची नावं आहेत?’

आणि गप्प बसले.

त्यानं झोपाळा थांबवला. आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं खोटं बोलेल. तो म्हणाला, ‘आत्ता फक्त माझं.’ मग भडाभडा बोलायला लागला. त्याचं वय वाढत होतं, वय वाढलं की तिकडच्या व्हिसासाठी गुण कमी होतात. माझी कागदं दुरुस्त व्हायला किती महिने जातील कुणालाच सांगता येत नव्हतं. कंपनीत त्याच्या लाइनवरचे अर्धे लोक गुजरातला गेले होते. ‘एकाचा तरी पाय तिकडे पडू दे. मग मी तुम्हाला नेणारच ना. माझ्यावर एवढाही विश्वास नाही?’

‘नाही,’ मी म्हटलं. त्या क्षणी ते खरं होतं.

मग मी सासूबाईंकडे वळले. तोंडात वाक्य तयार होतं. पण त्यांच्या हातातला बोंबील तसाच राहिला होता आणि त्या मुलाकडे बघत होत्या.

‘तू तं मना बोललास सगली एकत्र चाललीत,’ त्या म्हणाल्या. ‘म्हनून तं मी डबं देत व्हते. बोलले, आता पोरीला आपल्या हातचा कवा मिलल.’

मी ओट्याच्या कडेवर टेकले.

‘आई, फक्त सहा महिन्यांचा प्रश्न आहे,’ नवरा म्हणाला.

‘तुझा बापूस पन असाच बोलला व्हता.’ त्यांचा आवाज चढला नव्हता, पण बोंबील त्यांनी ताटात आपटला. ‘सौदीला जाताना. आधी मी जातंय, मंग तुमाना नेतंय. कोन नेला? तू सात वर्साचा असताना पयल्यांदा घरी आला, तवा तू त्याला काय हाक मारलीस, आठवतंय? काका बोललास तू त्याला. या ओट्यावर. तो हासला नि मागच्या दारी जाऊन रडला. तुझी पोरगी मोठी हाय, ती काका नाय बोलनार. ती कायच नाय बोलनार.’

सासरे हयात होते तेव्हा मी पाहिले ते परत आल्यानंतरचे, अबोल, स्वतःच्याच घरात पाण्याचा पेला मागताना संकोचणारे. मला वाटायचं, स्वभाव. नवरा मान खाली घालून झोपाळ्याची कडी चाचपत होता. तो म्हणाला, ‘हिची कागदं नाही झाली दुरुस्त, तर?’

‘काय दुरुस्त करायचा हाय?’

मी सांगितलं. दोन नावं, काकांनी जन्माला घातलेली तिसरी, मध्यंतरी मी ज्याला जाऊन विचारून आले होते तो नोंदणी कार्यालयातला क्लार्क. तो म्हणाला होता की सासरच्या वडीलधाऱ्या माणसानं स्वतः येऊन, नाव आम्हीच बदललं, फॉर्म चुकला, असं प्रतिज्ञापत्र दिलं तर दुरुस्ती करता येईल. मग राजपत्रात नाव छापून आणायचं. इतक्या वर्षांनी. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. काका तर आता हयात नव्हते.

‘नाव मीच ठेवला व्हता,’ सासूबाई म्हणाल्या. ‘मी येतंय.’

आता इतक्या चटकन हो म्हणाल्यावर तरी मी निवांत व्हायला हवं होतं. पण स्वभावाला औषध नाही. घरी येताना माझं सुरू झालं. आयत्या वेळी गुडघे दुखतील. नाहीतर तिथे जाऊन काहीतरी भलतंच बोलतील आणि नोंद कायमची बिघडेल. उघड नाही म्हणण्यापेक्षा हे सोपं. नवऱ्यानं त्याची फाइल मागे घेतली तीही मी माझ्यासमोर घ्यायला लावली, फोन स्पीकरवर ठेवून. एजंट म्हणाला, ‘साहेब, पछताओगे.’ माझ्या अर्जासाठी मग आम्ही एजंट घेतलाच नाही. मीच वाचून, विचारून, आमच्या गेलेल्या मुलींना मेसेज करून एकेक कागद जमवायला लागले.

कार्यालयात जायच्या दिवशी सासूबाई आमच्याआधी तिथे हजर होत्या. कोपऱ्यातल्या बाकावर, ठेवणीतलं लुगडं नेसून. क्लार्क तरुण होता, फार उद्धट नव्हता, फक्त कंटाळलेला.

‘आजी, सुनेचं नाव का बदललं?’

‘रीत हाय. माझा पन बदलला. मना कोन इचारला नाय, मी पन हिला इचारला नाय.’

‘बरं. लग्नाआधी तिचं नाव काय होतं?’

हे त्यांना मी शिकवून आणायला हवं होतं. इतक्या वर्षांत त्यांनी माझं जुनं नाव एकदाही उच्चारलेलं मला आठवत नव्हतं. मी तोंड उघडणार, तोच त्यांनी माझं पहिलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, माझ्या माहेरचं गाव आणि तालुका, सगळं एका दमात सांगितलं. क्लार्कनं लिहून घेतलं. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच सांगितलं. अंगठा नको म्हणाल्या, सही करते म्हणाल्या, आणि एकेक अक्षर कोरत सही केली. मी बघत राहिले. त्यांनी काहीही बिघडवलं नाही.

बाहेर ऊन रणरणत होतं. रस्त्यापलीकडे रसवंती होती, तिथे बाकड्यावर बसलो. नवरा सैलावला होता. मुख्य अर्जदार म्हणून माझी चेष्टा करत होता, मॅडम, तुमच्या मागे मागे यायचं का आता, वगैरे. मीही हसत होते. खूप दिवसांनी हसत होते. रस्ता मोकळा झाला होता, आणि तो तिघांचा होता.

सासूबाईंनी रसाचा ग्लास दोन्ही हातांत धरला होता. म्हणाल्या, ‘तू मेन. ह्यो तुझा नवरा म्हनून. पोरगी तुझी पोर म्हनून. असाच ना?’

‘हो आई.’

‘नि मी कंच्या रस्त्यानं?’

नवरा रसवाल्याकडे बघायला लागला. उत्तर मला द्यावं लागलं. आईवडिलांसाठी रस्ते आहेत, मी ते वाचलेही होते. एक भरपूर पैसा असलेल्यांचा आणि दुसरा भरपूर आयुष्य उरलेल्यांचा, कारण त्याची रांग कित्येक वर्षांची. त्यांना गुडघ्याचा त्रास होता, बीपी होतं, आणि सत्तरी जवळ आली होती. सगळं वाचलं होतं आणि त्यांच्यापाशी त्यातलं एक अक्षर बोलले नव्हते. त्या डाव टाकताहेत का, हे मी महिनोन् महिने बघत होते. त्यांचं काय होणार, हे बघितलंच नव्हतं.

‘तुमच्यासाठी व्हिजिटर आहे, आई,’ मी म्हटलं. ‘काही महिने येऊन राहायचं, मग परत यायचं. मग पुन्हा अर्ज करायचा.’

त्यांनी रसाचा घोट घेतला. ‘म्हंजे पावनी,’ त्या म्हणाल्या.

मी सवयीनं त्या शब्दामागचा टोमणा शोधला. नव्हता. मी बरोबर सांगते आहे की नाही आणि त्यांना बरोबर समजलंय की नाही, एवढंच त्या विचारत होत्या.

मी हो म्हटलं.